चुकीच्या आज्ञेचे पालन : अधिवृक्क ग्रंथीतील परके ग्राही आणि कॉर्टिसॉलचा अतिरेक

‘कॉर्टिसॉल म्हणजे तणावाचे संप्रेरक’ हे वाक्य स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या टिपणवहीत असतेच. ते चूक नाही, पण अपुरे आहे. रक्तातील साखरेची पातळी टिकविणे, रक्तदाब राखणे, दाह आटोक्यात ठेवणे, उपवासाच्या काळात स्नायूंतील प्रथिने मोडून ऊर्जा पुरविणे ही कामे हे संप्रेरक रोजच करीत असते. ते कमी पडले तर माणूस दगावू शकतो आणि वर्षानुवर्षे जास्त राहिले तरीही शरीर पोखरले जाते. म्हणूनच त्याचे उत्पादन किती व्हावे यावर शरीराने कडक नियंत्रण बसविले आहे. हे नियंत्रण शाबूत असतानाही कॉर्टिसॉलचा महापूर कसा येऊ शकतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वैद्यकशास्त्राचा असला तरी त्याची शेवटची पायरी आरोग्यावरील खर्चाच्या हिशेबात जाऊन थांबते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळण्याचे कारण तेच.

नियंत्रणाची साखळी

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर प्रत्येकी सुमारे चार ते पाच ग्रॅम वजनाची अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या बाह्यकाच्या मधल्या थरात कॉर्टिसॉल तयार होते. मात्र ते किती तयार करायचे हे ग्रंथी स्वतः ठरवीत नाही. मेंदूतील अधश्चेतक हा भाग सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो. त्यामुळे पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोहोचले की कॉर्टिसॉलचे उत्पादन सुरू होते. रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे वाढले की तेच उलट दिशेने अधश्चेतक आणि पीयूषिका यांना आवर घालते. यालाच ऋण प्रत्याभरण म्हणतात. या व्यवस्थेला दिवसाचे एक चक्रही आहे. कॉर्टिसॉल पहाटेनंतर, सकाळी आठच्या सुमारास सर्वाधिक असते आणि मध्यरात्री सर्वांत कमी.

एसीटीएचची आज्ञा पेशीला कळते ती तिच्या पृष्ठभागावरील ग्राहींमुळे. ग्राही, म्हणजे इंग्रजीत ज्याला रिसेप्टर म्हणतात, तो एक प्रथिन-रेणू आहे. ठरावीक संप्रेरकच त्यात बसते. ते बसले की पेशीच्या आत जी-प्रथिनामार्फत चक्रीय एएमपी हा दुय्यम निरोप्या तयार होतो, प्रथिन कायनेज-ए हे विकर जागे होते आणि कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल बनविण्याची प्रक्रिया वेग घेते. या शृंखलेच्या उलगड्याला अनेक नोबेल पारितोषिके मिळाली आहेत आणि ती एकत्र लक्षात ठेवणे सोयीचे जाते. अधिवृक्क बाह्यकाच्या संप्रेरकांसाठी केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० मध्ये, चक्रीय एएमपीसाठी सदरलँड यांना १९७१ मध्ये, जी-प्रथिनांसाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ मध्ये आणि जी-प्रथिनाशी जोडलेल्या ग्राहींसाठी लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ मध्ये हा सन्मान लाभला. यांपैकी शेवटचे पारितोषिक रसायनशास्त्राचे होते, हे परीक्षेत हमखास विसरले जाते.

पुढील विवेचनासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पेशीच्या आतील यंत्रणा आज्ञा कोणाची हे विचारीत नाही. चक्रीय एएमपी वाढले की ती कामाला लागते. एसीटीएचखेरीज इतरही कित्येक संप्रेरकांचे ग्राही हाच मार्ग वापरतात. ते ग्राही अधिवृक्क पेशींवर एरवी नसतात किंवा नगण्य असतात, म्हणून गोंधळ होत नाही. शिधावाटपाच्या गोदामाचे उदाहरण घेऊ. गोदामपाल पुरवठा खात्याचा शिक्का पाहून धान्य सोडतो. उद्या तो दुसऱ्याच खात्याचा शिक्का मानू लागला, तर पुरवठा खात्याने आपले सारे आदेश थांबविले तरी धान्य बाहेर पडतच राहील. गोदामाचा दरवाजा, वजनकाटा आणि हमाल यांत काहीही बिघाड सापडणार नाही.

कुशिंगचा विकार

कॉर्टिसॉलच्या दीर्घकालीन अतिरेकातून उद्भवणाऱ्या लक्षणसमूहाला कुशिंग सिंड्रोम हे नाव आहे. अमेरिकी शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी अशा रुग्णाचे वर्णन १९१२ मध्ये केले आणि १९३२ मध्ये या विकाराचा पीयूषिकेशी असलेला संबंध मांडला. चेहरा गोल व लालसर होणे, मानेमागे व पोटावर चरबी साठणे, हातपाय मात्र बारीक राहणे, पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटणे, जराशा धक्क्याने त्वचेखाली रक्त साकळणे, मांड्यांचे स्नायू दुबळे होऊन बसल्या जागेवरून उठणे जड जाणे, याबरोबरच मधुमेह, उच्च रक्तदाब, हाडांची ठिसूळता आणि नैराश्य अशी ही लक्षणे आहेत.

या विकाराचे सर्वांत सामान्य कारण शरीराबाहेरचे आहे. ते म्हणजे प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखी स्टिरॉइड औषधे दीर्घकाळ घेणे. शरीरातच कॉर्टिसॉल वाढण्याचे प्रमाण खूप कमी, वर्षाला दर दहा लाख लोकांमागे सुमारे दोन ते तीन नवे रुग्ण इतके मानले जाते. त्यांतही बहुतेकांमध्ये एसीटीएच वाढलेले असते. साधारण पाचवा हिस्सा अधिवृक्क ग्रंथीतील दोषाचा असतो आणि त्यातील एक छोटा गट असा आहे की ज्यात दोन्ही ग्रंथींमध्ये मोठमोठ्या गाठी तयार होतात. आपला विषय मुख्यतः या छोट्या गटाशी निगडित आहे.

या रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल भरपूर आणि एसीटीएच जवळजवळ शून्य असे आढळे. म्हणजे प्रत्याभरण चोख काम करीत होते. पीयूषिकेने आज्ञा देणे थांबविले होते, तरीही ग्रंथी उत्पादन करीतच होती. म्हणून ग्रंथी ‘स्वायत्त’ झाली आहे असे निदान लिहिले जाई आणि विचार तेथेच थांबे. वस्तुतः स्वायत्त हा शब्द येथे अज्ञानावरचे पांघरूण होता. आमच्या अर्थशास्त्रातही ज्या घटकाचे कारण ठाऊक नसते त्याला आम्ही ‘बाह्य’ म्हणून मोकळे होतो.

जेवणानंतर वाढणारे कॉर्टिसॉल

या पांघरुणाखाली पाहण्याचा प्रयत्न प्रथम प्रयोगशाळेत झाला. शॉर आणि ने या संशोधकांना १९७१ मध्ये उंदराच्या अधिवृक्क कर्करोगाच्या ऊतीत असे आढळले की चक्रीय एएमपी तयार करणारे विकर एसीटीएचव्यतिरिक्त इतर संप्रेरकांनाही प्रतिसाद देते. माणसातील पुरावा यायला मात्र वेळ लागला. कॅनडातील पावेल हामे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा एका रुग्णाची नोंद केली की ज्याचे कॉर्टिसॉल अन्नाबरोबर चढ-उतार करीत होते. त्यानंतर १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एक माँट्रियलच्या आंद्रे लाक्रुआ यांच्या गटाचा होता, तर दुसरा फ्रान्समधील रेझनिक यांच्या गटाचा.

माँट्रियलची रुग्ण ४८ वर्षांची स्त्री होती. तिच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी गाठींनी वाढलेल्या होत्या आणि एसीटीएच मोजण्याइतकेही नव्हते. चमत्कारिक बाब अशी की सकाळी उपाशीपोटी तिचे कॉर्टिसॉल सामान्यापेक्षा कमी असे आणि प्रत्येक जेवणानंतर ते झपाट्याने चढे. निरोगी माणसातील दिवसाचे चक्रच येथे उलटे झाले होते. संशोधकांनी तिला ग्लुकोज तोंडाने दिले तेव्हा कॉर्टिसॉल वाढले. तेच ग्लुकोज शिरेतून दिल्यावर मात्र वाढले नाही. या एका तुलनेत सारा उलगडा आहे. साखर रक्तात दोन्ही वेळा पोहोचली होती. फरक एवढाच की पहिल्या वेळी ती आतड्यातून गेली होती. म्हणजे निरोप साखरेचा नसून आतड्याचा होता.

अन्न आले की लहान आतड्याच्या वरच्या भागातील के-पेशी जीआयपी नावाचे संप्रेरक सोडतात. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास मदत करणे हे त्याचे नेमून दिलेले काम. या रुग्णांच्या अधिवृक्क पेशींवर जीआयपीचे ग्राही उगवले होते. त्यामुळे जेवणाचा प्रत्येक घास ग्रंथीला कॉर्टिसॉल बनविण्याची आज्ञा ठरत होता. दिवसभरच्या या माऱ्यामुळे एसीटीएच दबलेले राही. रात्रभर पोट रिकामे राहिले की जीआयपीही नाही आणि एसीटीएचही नाही, म्हणून सकाळी कॉर्टिसॉल कमी.

येथे एक व्यावहारिक धोका दडलेला आहे. आपल्याकडे रक्ताची तपासणी बहुधा सकाळी उपाशीपोटी होते. अशा रुग्णाचे सकाळचे कॉर्टिसॉल पाहून ‘सर्व ठीक’ असा निष्कर्ष निघू शकतो आणि वाढत्या वजनाचा दोष तिच्या खाण्यावर ढकलला जातो. ‘कमी खा, चाला’ हा सल्ला घेऊन ती घरी परतते. तिच्या आजाराचा जेवणाशी संबंध आहे हे खरेच, पण सल्ला देणाऱ्याला अभिप्रेत असलेला तो संबंध नव्हे.

परक्या आज्ञांची यादी वाढते

एकदा दिशा सापडल्यावर शोध वेगाने पुढे गेला. लाक्रुआ यांच्याच गटाने १९९७ मध्ये असा रुग्ण नोंदविला की ज्याच्या अधिवृक्क बाह्यकावर ॲड्रिनॅलिनवर्गीय संप्रेरकांचे बीटा-ग्राही होते आणि प्रोप्रॅनोलॉल या जुन्या, स्वस्त औषधाने त्याचे कॉर्टिसॉल आटोक्यात आणता आले. १९९९ मध्ये नोंदविलेला रुग्ण अधिक बोलका आहे. या स्त्रीला गरोदरपणात कुशिंगची लक्षणे दिसत आणि प्रसूतीनंतर ती ओसरत. रजोनिवृत्तीनंतर मात्र ती कायमची जडली. गरोदरपणात एचसीजी वाढते, रजोनिवृत्तीनंतर एलएच वाढते आणि ही दोन्ही संप्रेरके एकाच ग्राहीवर बसतात. तो ग्राही तिच्या अधिवृक्क ग्रंथीत सक्रिय होता. ल्युप्रोलाइड या इंजेक्शनाने एलएच दाबताच कॉर्टिसॉल उतरले आणि ग्रंथी काढण्याची गरज पडली नाही.

यापुढे व्हॅसोप्रेसिन, सेरोटोनिन आणि ग्लुकॅगॉन यांना मिळणारे प्रतिसादही नोंदले गेले. अभ्यासकांनी दोन प्रकार वेगळे केले आहेत. जीआयपीचा ग्राही अधिवृक्क पेशीवर प्रभावी रूपात असायलाच नको होता, म्हणून तो अस्थानी होय. व्हॅसोप्रेसिनचा व्ही-१ए किंवा सेरोटोनिनचा पाच-एचटी-४ हे ग्राही मात्र निरोगी ग्रंथीतही असतात. विकारात त्यांचा प्रतिसाद प्रमाणाबाहेर जातो. निदानासाठी रुग्णाला आडवे झोपवून मग उभे करणे, मिश्र आहार देणे, वेगवेगळी उद्दीपक संप्रेरके टोचणे अशा चाचण्या काही दिवसांत विभागून केल्या जातात. कॉर्टिसॉल मूळ पातळीच्या ५० टक्के किंवा अधिक वाढले तर प्रतिसाद निश्चित, २५ ते ४९ टक्के वाढले तर आंशिक समजतात.

परंतु ग्राही सापडला म्हणजे तोच रोगाचे कारण, असे म्हणता येईल काय? गाठ आधी झाली आणि बिघडलेल्या पेशीने नंतर भलते ग्राही धारण केले, असेही असू शकते. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील हा भेद कोणत्याही शास्त्राच्या विद्यार्थ्याने जपला पाहिजे. फ्रान्समधील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी याचे बऱ्याच अंशी उत्तर दिले. गायवर्गीय जनावराच्या निरोगी अधिवृक्क पेशींत मानवी एलएच-ग्राहीचे जनुक घालून त्या पेशी उंदरांत रोपल्या असता पेशींची वाढही झाली आणि उंदरांमध्ये कुशिंगची लक्षणेही दिसली. केवळ एका परक्या ग्राहीची भर दोन्ही गोष्टींना पुरेशी ठरली.

चित्र पूर्णपणे सरळ मात्र नाही. रुआँ येथील लुइझे आणि लफेव्र यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखविले की या गाठींतील काही पेशी स्वतःच एसीटीएच तयार करतात आणि शेजारच्या पेशींना तेथल्या तेथे उद्दीपित करतात. परके ग्राही जागे झाले की हे स्थानिक एसीटीएचही वाढते. रक्तात एसीटीएच नाही म्हणून ‘एसीटीएच-निरपेक्ष’ असे जे नाव या विकाराला वर्षानुवर्षे होते, तेच त्यामुळे अडचणीत आले. रक्ताच्या नमुन्यात जे दिसत नाही ते ग्रंथीच्या आत असू शकते, ही नोंद साऱ्या मोजमापवाद्यांनी घ्यावी, त्यात अर्थशास्त्रज्ञही आले.

जनुकांचा पुरावा

त्याच वर्षी पॅरिसच्या गटाने एआरएमसी-५ या जनुकातील बिघाड शोधला. ३३ रुग्णांपैकी १८ जणांत तो होता. हे जनुक गाठींना आवर घालणारे आहे. एक प्रत जन्मतः सदोष मिळते आणि दुसरी पुढे एखाद्या पेशीत बिघडली की तेथे गाठ वाढू लागते. जीआयपी-ग्राहीचे कोडे त्यानंतर सुटले. एकाच बाजूला गाठ असलेल्या काही रुग्णांत १९व्या गुणसूत्रावरील, या ग्राहीचे जनुक असलेला भाग दुणावलेला आढळला. हा निष्कर्ष २०१७ मधील. दोन्ही बाजूंना गाठी असलेल्या जीआयपी-अवलंबी रुग्णांत केडीएम-१ए या जनुकाची निष्क्रियता सापडली, असे २०२१ मध्ये जाहीर झाले. हे जनुक डीएनएभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांवरील रासायनिक खुणा बदलून कोणती जनुके झाकलेली राहतील हे ठरविण्यात भाग घेते. झाकण निघाले की पेशीत एरवी मिटलेले जीआयपी-ग्राहीचे जनुक उघडते. म्हणजे ग्राहीचे जनुक निरोगी, त्यावरचा पहारा तेवढा हरवलेला. एपिजेनेटिक्स या संज्ञेवर प्रश्न आल्यास हे उदाहरण पाठ्यपुस्तकी उदाहरणांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

कुटुंबातील एका व्यक्तीत असा जनुकीय दोष सापडला तर भावंडांची व मुलांची तपासणी लक्षणे उमटण्यापूर्वीच करता येते. जनुकीय चाचणी एका घरात एकदाच महाग पडते.

उपचार आणि त्याची किंमत

दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकणे हा या विकारावरील पूर्वापार उपाय. त्याने कॉर्टिसॉलचा अतिरेक निश्चित थांबतो, पण त्या दिवसापासून रुग्ण जन्मभर हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांवर अवलंबून राहतो. ताप, उलट्या, अपघात अशा प्रसंगी मात्रा वाढवावी लागते. ती वाढविली नाही किंवा गोळ्या संपल्या तर रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवू शकतो. मोठ्या शहरात, औषधाचे दुकान कोपऱ्यावर असलेल्या माणसासाठी ही गैरसोय आहे. दुर्गम तालुक्यातील शेतमजूर स्त्रीसाठी तो रोजचा धोका आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत ३८४ औषधे होती आणि नव्याने समाविष्ट झालेल्या ३४ औषधांत फ्लुड्रोकॉर्टिसोनचा समावेश होता. सूचीत आल्याने औषधावर कमाल किमतीचे बंधन येते. ते तालुक्याच्या दुकानात मिळेल याची हमी मात्र सूची देत नाही. किंमत-नियंत्रण आणि उपलब्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उत्तरात स्वतंत्रपणे मांडावे.

म्हणून चुकीची आज्ञा कोणाची हे आधी शोधण्याला महत्त्व आहे. बीटा-ग्राही असेल तर प्रोप्रॅनोलॉल आणि एलएच-ग्राही असेल तर ल्युप्रोलाइड हे मार्ग खुले होतात. जीआयपीच्या बाबतीत जेवणापूर्वी ऑक्ट्रिओटाइड देऊन काही रुग्णांत आराम पडला, पण तो टिकला नाही. येथे औषधाची बाजू अजून लंगडीच आहे. निवडक रुग्णांत अधिक वाढलेली एकच ग्रंथी काढून दुसरी राखण्याची पद्धतही आता रुळली आहे. काही दिवसांच्या चाचण्यांचा खर्च एका बाजूला आणि जन्मभराच्या गोळ्या, तसेच संकटकाळी रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च दुसऱ्या बाजूला ठेवून हिशेब करावा लागतो. आपल्या देशातील एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, तरीही बाह्यरुग्ण तपासण्या आणि रोजची औषधे यांचा भार बव्हंशी घरावरच पडतो. ‘आयुष्मान भारत’ अंतर्गत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. शस्त्रक्रियेला पैसे मिळतात, पण ती टाळू शकणाऱ्या तपासणीला मिळतीलच असे नाही. ही विसंगती धोरणकर्त्यांनी पाहण्याजोगी आहे.

सर्वांची तपासणी का नको?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासानुसार, ज्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. त्यांच्यात कुशिंगचे रुग्ण लपलेले असणार. मग सरसकट चाचणी करावी, असा मोह होतो. वर्गात हा प्रश्न टाकला की बहुतेक विद्यार्थी हात वर करून ‘होय’ म्हणतात. त्यांना मी फळ्यावर आकडे मांडायला सांगतो.

रात्री एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी कॉर्टिसॉल मोजण्याची चाचणी प्रचलित आहे. प्रति डेसिलिटर १.८ मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरल्यास ती ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पकडते, पण निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ८० टक्क्यांनाच निरोगी म्हणते. आता केवळ हिशेबासाठी समजा की १० लाख लोकांत १०० रुग्ण आहेत. चाचणी त्यांतील ९५ पकडेल. उरलेल्या ९,९९,९०० निरोगी लोकांपैकी २० टक्के, म्हणजे १,९९,९८० जणांनाही ती रोगी ठरवील. एकूण सुमारे दोन लाख होकारांत खरे रुग्ण ९५, म्हणजे दर २,१०० होकारांमागे जेमतेम एक. बाकीच्यांची पुढची तपासणी, प्रवास, बुडालेली मजुरी आणि काळजी हा सारा खर्च निष्फळ. याउलट लक्षणे पाहून निवडलेल्या १,००० जणांत १०० रुग्ण असतील, तर त्याच चाचणीचे खरे होकार ९५ आणि खोटे १८०, म्हणजे दर तिघांत एक खरा. चाचणी बदलली नाही, ती कोणावर केली ते बदलले.

ही निवड कशी करावी याचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन २००८ पासून उपलब्ध आहे. वयाच्या मानाने लवकर आलेला अस्थिक्षय किंवा रक्तदाब, अनेक लक्षणे एकत्र आणि वाढत जाणारी, वजन वाढत असूनही उंची खुंटलेले मूल, अन्य कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये योगायोगाने आढळलेली अधिवृक्क गाठ, अशा व्यक्ती प्रथम तपासाव्यात. त्याहीआधी एक बिनखर्चाचा प्रश्न विचारावा लागतो. सांधेदुखी, दमा किंवा त्वचाविकारासाठी कोणती गोळी, पुडी अथवा मलम सुरू आहे? औषधविक्रीचे नियम असूनही आपल्याकडे स्टिरॉइडे चिठ्ठीविना हातोहात मिळतात. मुखवटा तोच असतो, आज्ञा मात्र बाहेरून आलेली असते. अशा रुग्णाची अधिवृक्क ग्रंथी परके ऐकणारी नसून दीर्घकाळ काम न मिळाल्याने सुकलेली असते, म्हणून त्याने गोळ्या एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. त्या वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळूच उतरवाव्या लागतात.